वाईला दोन रात्री मुक्काम : वेडेपणा आहे का?

सोनचाफा_ठाणे

मंडळी, मार्चमध्ये शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ एवढा वेळ हाताशी आहे. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि साबा (म्हणजे सासूबाई, वय ७२, गुडघे कुरकुरतात, उत्साह आमच्यापेक्षा जास्त). समुद्र नको, कारण अलिबागची बाजू करून करून कंटाळा आलाय. नदीकाठचं जुनं गाव हवंय, जिथे संध्याकाळी घाटावर बसता येईल आणि पाच मिनिटांवर चहा मिळेल. माझ्या डोक्यात वाई आहे.

पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "वाई? ती तर पाचगणीला जाताना वाटेत होते. ढोल्या गणपती बघायचा, मिसळ खायची आणि घाट चढायचा." ऑफिसमधल्या एकाने तर "दोन रात्री वाईत करणार काय?" असं अशा चेहऱ्याने विचारलं की मी मुद्दाच सोडून दिला.

तर प्रश्न असे :
१. दोन रात्री वाईतच राहण्यासारखं आहे का, की पाचगणीत राहून खाली उतरावं?
२. साबांना झेपेल असं काय काय?
३. आमचा शनिवार-रविवार नेमका रंगपंचमीला लागून येतोय. वाईजवळच्या बावधनचं बगाड त्याच सुमाराला असतं म्हणे. गाठावं की टाळावं?

गुळपोळी

वाचतेय. आमचाही असाच बेत रखडलाय.

परतीचा_पाऊस

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. अर्ध्या दिवसात वाई संपते. महागणपती (तोच ढोल्या गणपती), शेजारी काशीविश्वेश्वर, गाडीने मेणवली, झालं. मार्चमध्ये दुपारी वाईत ऊन चांगलंच भाजतं. वर पाचगणीला तेवढ्यात वारा असतो. रात्री वर राहा, सकाळी खाली या. तेरा-चौदा किलोमीटरचा तर पसरणी घाट.

आळीतला_एक

परतीचा_पाऊस, तुमचा हिशोब बरोबर हाय, पण तो देवळांचा हिशोब झाला. ताईंनी विचारलंय घाटाचं. आमच्या गावात सकाळी अकरा ते दुपारी चार बघण्यासारखं खरंच काय नाय, आम्ही स्वतः झोपतो. बघायची वाई ती सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ. आता गंमत अशी की तुम्ही वर राहून खाली येणार तर पोचणार अकराला, आणि उजेडात घाट चढायचा म्हणून निघणार चारला. म्हणजे नेमकी नको ती वाई बघून जाणार आणि वर सांगणार की अर्ध्या दिवसात संपली!

राहा हो ताई. दोन रात्री राहा.

दगडधोंडे

आळीतला_एक यांना शंभर टक्के अनुमोदन. मुक्कामाचा मुद्दा त्यांनी मांडलाच आहे, मी नुसती भर घालतो.

ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. लोक समोरून मूर्ती बघतात, नमस्कार करतात आणि निघतात. मूर्ती आहेच तशी, एका अखंड दगडातली, बसलेली असूनही माणसाच्या कितीतरी वर जाणारी. पण दर्शन झालं की नदीच्या अंगाने देवळाच्या मागे जा. मागची भिंत सरळ नाही. ती माशासारखी निमुळती होत पुढे आली आहे. कृष्णेला पूर येतो तेव्हा पाणी त्या टोकावर फुटून दोन बाजूंना जातं आणि गाभाऱ्यावर थेट मारा होत नाही. देऊळ घाटावर, जवळजवळ पात्रातच बांधायचं ठरलं तेव्हाच पुराशी कसं वागायचं तेही ठरवलेलं दिसतं. इतक्या पावसाळ्यांनंतरही ते उभं आहे. मुलीला ही भिंत जरूर दाखवा. नववीला भौतिकशास्त्र असतं ना?

शेजारच्या काशीविश्वेश्वरासमोरचा नंदीही असाच घाईत सुटतो. गळ्यातल्या माळा, घुंगरं, पाठीवरची झूल, सगळं दगडातलं. कडेला बसून पाहा.

रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचं माहेर. त्यामुळे वाईतले घाट, देवळं आणि वाडे यांत पेशवाईचा पैसा आणि नातेसंबंध दोन्ही मुरलेले आहेत.

मेणवलीवर नंतर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

नऊवारी_नेटकी

दगडधोंडे, मीटिंगमध्येच लिहा, आम्ही कुणाला सांगणार नाही.

सांगलीकर_अस्सल

कृष्णेचा घाटच हवा असेल तर वाई कशाला? नरसोबाच्या वाडीला या. कृष्णा-पंचगंगेचा संगम, पहाटेची काकड आरती, वर बासुंदी आणि कवठाची बर्फी. वाईला बर्फी आहे का?

आळीतला_एक

बर्फी नाय, पण नदी पहिली आमच्याकडं येते. तुमच्याकडं येईपर्यंत तिनं अर्ध्या जिल्ह्याचं ऐकून घेतलेलं असतंय. (हलकेच घ्या.)

सांगलीकर_अस्सल

घेतलं 😄 आणि पुरात तुमचं सगळं आम्हालाच मिळतं हेही लक्षात ठेवा.

पंचनामा

एवढं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू. गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. घाटाच्या कडेला जलपर्णी, प्लास्टिक, निर्माल्याच्या पिशव्या. एका ठिकाणी सांडपाणी सरळ नदीत सुटताना पाहिलं. मेणवलीच्या घाटावर एकाच वेळी तीन प्री-वेडिंग शूट चालू होते. एका नवऱ्या मुलाला पेशवाई पगडी घालून पाण्यात उभं केलं होतं आणि फोटोग्राफर ओरडत होता, "सर, थोडं रॉयल बघा!" गाव ऐतिहासिक आहे हे मान्य, पण अपेक्षा बेताच्या ठेवा.

गुळपोळी

"थोडं रॉयल बघा" 😂😂

आळीतला_एक

पंचनामा, खोटं नाय लिहिलं तुम्ही. पाण्याचं दुखणं खरं हाय. धोम धरणातनं पाणी सोडलेलं असलं की पात्र साफ दिसतं, नसलं की साचतं. गावातली पोरं घाट झाडतात अधनंमधनं, पण सांडपाणी झाडूनं थांबत नाय. सोनचाफाताई, बसा घाटावर खुशाल, पाय बुडवायचे तर धोमकडं वरच्या अंगाला जाऊन बुडवा.

सोनचाफा_ठाणे

वा, एवढ्या लवकर एवढे प्रतिसाद! पंचनामा, आभार, हे आधी कळलेलं बरं. पगडीवाल्यासाठी तरी मेणवलीला जाणार. 😄 बगाडाबद्दल कुणी सांगेल का?

बैलगाडा_एक्सप्रेस

मी सांगतो, मामाचं गाव बावधनच.

फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला, भैरवनाथाचं बगाड निघतं. बगाड म्हणजे दगडी चाकांचा अवजड लाकडी गाडा, त्यावर उंच खांब आणि खांबावर आडवं लांब शीड. ज्याचा नवस फेडायचा तो बगाड्या शिडाच्या टोकाला. बगाड्या कोण हे होळीच्या रात्री देवाला कौल लावून ठरतं. कृष्णाकाठी सोनेश्वरापासून बगाड निघतं आणि शेतांमधून, बैलांच्या जोड्या बदलत बदलत, गावात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. रस्ता नाही, नांगरलेली शेतं. बैल थकले की पुढच्या शिवारातली जोडी जुंपायला तयार असते. आपली जोडी बगाडाला लागली पाहिजे म्हणून वर्षभर बैल राखणारी माणसं आहेत.

आता खरं सांगतो. साबांना घेऊन जाऊ नका. गर्दी लाखाच्या घरातली वाटावी अशी, धुरळा, ऊन, सावली नाही, गाडी लांब लावून चालावं लागतं. मी स्वतः आईला नेत नाही. वाईतल्या रस्त्यांवरही त्या दिवशी गाड्या तुंबतात.

उंबरठा

मला हा प्रकारच पटत नाही. माणसाला शिडाला बांधायचं, मुक्या जनावरांना नांगरलेल्या रानातून ओढायला लावायचं आणि त्याला परंपरा म्हणायचं. २०२१ मध्ये करोनाची बंदी असतानाही हे काढलं होतं, तेव्हा गुन्हे दाखल झाले होते. सहलीच्या यादीत असली गोष्ट असावी का?

बैलगाडा_एक्सप्रेस

२०२१ चं समर्थन मीही करत नाही, आणि आमच्या घरातही त्यावरून दोन तट होते. बैलांचं म्हणाल तर एक जोडी थोडं अंतर ओढते आणि सुटते. वर्षभर त्या बैलांना जे खायला मिळतं ते बघायला एकदा या, मग बोलू. बगाड्याबद्दल तुमचा आक्षेप मला समजतो. पण तुम्ही "असली गोष्ट" म्हणता तेव्हा गावातल्या माणसाला ते कसं ऐकू जातं याचाही विचार करा.

उंबरठा

कसं ऐकू जातं त्यापेक्षा काय होतं ते महत्त्वाचं. असो. धागा सहलीचा आहे, थांबते. वेगळा धागा काढते.

नऊवारी_नेटकी

काढाच. तिथे दोनशे प्रतिसाद नक्की. इथे आधी चहा कुठे मिळतो ते सांगा कुणीतरी.

दगडधोंडे

मीटिंग संपली. मेणवली.

वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागच्या अंगाला चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. पुण्यातल्या शनिवारवाड्याची जोती तेवढी बघायला मिळतात, आत काय होतं ते कल्पनेने भरायचं. मेणवलीत उत्तर पेशवाईतला वाडा लाकूडकामासह उभा आहे. सहा चौक, जाड भिंती, भिंतींवर पुसट होत चाललेली चित्रं. नानांचं दप्तरही इथेच सांभाळलं गेलं, इतिहासाचे अभ्यासक ते "मेणवली दप्तर" म्हणून वापरतात. ज्या माणसाने अख्ख्या राज्याचा जमाखर्च डोक्यात ठेवला, त्याचं घर बघताना मला सगळ्यात जास्त त्याच्या दिंडीदरवाजांनी विचारात पाडलं. प्रत्येक चौकातून दुसऱ्या चौकात जाताना वाकावं लागतं. कोण आलं ते आतल्याला आधी दिसतं.

घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ आहे. मेणेश्वराजवळ एका छोट्या बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगीज. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, त्यातली ही एक. नीट पाहिलंत तर तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती दिसते. शिवमंदिराच्या दारात मेरी, आणि एवढ्या वर्षांत ती कुणी घासून काढलेली नाही.

पंचनामा

घंटेबद्दल माहीत नव्हतं. मी तिच्या खाली उभा राहून फोटो काढलाय, मेरी दिसलीच नाही. आत्ता फोटो मोठा करून बघितला. आहे!

परतीचा_पाऊस

दगडधोंडे, लेख म्हणून वेगळा टाका हो. मी माझं मत अर्धा दिवस वरून एक दिवस करतो. त्यापुढे हलणार नाही.

पिट्सबर्गची_पमी

वाईची माहेरवाशीण म्हणून हा धागा वाचताना डोळे भरले. कुणी कृष्णाबाईच्या उत्सवाचं लिहिलंच नाही! घाट सात आणि प्रत्येक घाटाची आळी वेगळी. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. माघ-फाल्गुनात एकेका घाटावर आळीपाळीने कृष्णाबाई बसते. मांडव पडतो, कीर्तन, बायकांची ओटी भरायला रांग, शेवटी जेवणावळ. अफझलखान वाईत तळ देऊन होता तेव्हा ते संकट टळावं म्हणून नदीला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हा उत्सव, असं माझी आजी सांगायची. नदीला देवी करून मांडवात बसवणारं, आणि तिची खणानारळाने ओटी भरणारं गाव आहे आमचं. आपल्या आळीचा उत्सव शेजारच्या आळीपेक्षा भारी झाला पाहिजे यावर लहानपणी आमची मारामारी व्हायची.

सोनचाफा, तू जाशील तेव्हा कुठल्या घाटावर उत्सव चालू आहे ते तिथल्या कुणालाही विचार. साबांना तिथे खुर्ची मिळेल, प्रसाद मिळेल आणि दोन मैत्रिणीही मिळतील.

आळीतला_एक

ताई, कुठली आळी तुमची?

पिट्सबर्गची_पमी

गणपती आळी.

आळीतला_एक

मग आपलं जमायचं नाय. आम्ही गंगापुरी. 😄

टाकाऊ_टिकाऊ

खाण्याचं सांगतो. मार्च म्हणजे स्ट्रॉबेरीच्या हंगामाची उतरण. भाव पडलेले असतात, पसरणी घाट चढला की रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन बसलेले असतात. मोठ्या बागांच्या दुकानात क्रीम घालून खायला रांग लावण्यापेक्षा ते घ्या. वरची चांगली आणि खालची दबलेली असं असतं, तेव्हा खोका उलटा करून बघा. जेवायला कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि भाकरी सांगा. येताना वाईची हळद घ्या, ती भौगोलिक मानांकनवाली आहे.

दगडधोंडे

मानांकन आहे ते वायगावच्या हळदीला, आणि ते वायगाव वर्धा जिल्ह्यात आहे. वाईच्या खोऱ्यात हळद होते, चांगली होते, पण मानांकन तिचं नव्हे. स्ट्रॉबेरीला मात्र महाबळेश्वरच्या नावाने आहे.

टाकाऊ_टिकाऊ

म्हणजे इतकी वर्षं दुकानदार मला वर्ध्याच्या गुणांवर वाईची हळद विकतोय. चव आवडते, काय करणार.

सोनचाफा_ठाणे

मुलीने धागा वाचला. तिचं म्हणणं, "यात माझ्यासाठी एक भिंत आणि एक घंटा आहे फक्त." काहीतरी सुचवा, नाहीतर ही मोबाइलमधून डोकं वर काढणार नाही.

गुळपोळी

भिंत आणि घंटा 😂 पोरगी हुशार आहे.

बैलगाडा_एक्सप्रेस

तिला आणि बाबाला पांडवगडावर पाठवा, पहाटे निघून. चढ दमवतो, पण वरून धोमचा जलाशय आणि कृष्णेचं अख्खं खोरं दिसतं. पाणी भरपूर न्या. मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात, वाटेवर पाखरांचा गोंधळ असतो. नऊच्या आत उतरायला लागा.

दगडधोंडे

आणि धोम गाव. धरणाच्या अलीकडे जुनं देऊळ आहे, नरसिंह आणि महादेवाचं. तिथला नंदीचा मांडव दगडी कासवाच्या पाठीवर उभा आहे आणि भोवती कमळाच्या पाकळ्यांचं कुंड. कुंडात पाणी असेल तर कासव पोहतंय असं वाटतं. हे नववीतल्या मुलीलाही आवडेल, फोटो तर नक्की काढेल. साबांनाही सोपं, फारशा पायऱ्या नाहीत.

परतताना हायवेवरून थोडं आत लिंब गावी वळलात तर बारा मोटेची विहीर. साताऱ्याकडच्या बाजूला आहे, म्हणजे उलट दिशेला जावं लागेल, पण अठराव्या शतकातली अशी विहीर, जिच्या पोटात दालन आहे, रोज बघायला मिळत नाही.

रविवारचा_डबा

गाडी नाही अशांसाठी : स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणारी एसटी वाईवरून जाते. स्टँडपासून गणपती घाट चालत होतो. मेणवलीला रिक्षा, येताना थांबवून ठेवा. आम्ही नवरा-बायको असेच गेलो, वाडा बघायला दिवस पडेपर्यंत वेळ होता कारण आम्हाला कुठे चढायचं नव्हतं. आणि विश्वकोशाचं ऑफिस बाहेरून का होईना बघून या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहत होते म्हणून मराठीचा ज्ञानकोश मुंबई-पुण्यात न होता इथे झाला, पहिला खंड १९७६ चा. आमच्या हिला मी तिथे उभं करून फोटो काढला, ती म्हणाली हनिमूनला पण असंच काहीतरी दाखवलं होतंस.

नऊवारी_नेटकी

काय दाखवलं होतं?

रविवारचा_डबा

राजवाड्यांचं भारत इतिहास संशोधक मंडळ.

पिट्सबर्गची_पमी

😂😂 सोनचाफा, मे महिन्यात येणार असतीस तर वसंत व्याख्यानमालाही मिळाली असती. संध्याकाळी सतरंजीवर बसून व्याख्यान ऐकायचं आणि मग घाटावर त्यावर भांडायचं. माझ्या वडिलांची पूर्ण सुट्टी त्यात जायची.

कुरकुरे_गुडघे

माझ्या आयडीमुळे साबांच्या प्रश्नाला उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. अनुभवाचं सांगतो.

महागणपतीला गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, पण शनिवार-रविवारी दुपारी नाही, म्हणून सकाळी लवकर जा. घाटाच्या पायऱ्या उंच आणि असमान आहेत, कठडा नाही. साबांना खाली पाण्यापर्यंत उतरवायचा हट्ट करू नका. वरच्या टप्प्यावर देवळाच्या ओट्याला टेकून बसलं तरी नदी पूर्ण दिसते. मेणवलीत वाड्याच्या आत उंबरठे आणि अरुंद जिने आहेत. खालचे चौक बघून त्यांना बसवा, वरचा मजला बाकीच्यांनी बघावा. वाड्यातून घाटाकडे उतरायचा भाग त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड, तिथे कुणीतरी हात धरा. काठी असेल तर रबराचं टोक बघून घ्या, दगड गुळगुळीत झालाय.

आणि शनिवारी सकाळी सातच्या पुढे पुणे सोडलंत तर खंबाटकीला रांगेत तास जाऊ शकतो. शुक्रवारी रात्रीच पोचताय ते उत्तम.

सोनचाफा_ठाणे

हाच प्रतिसाद हवा होता. प्रिंट काढून नवऱ्याच्या हातात देणार.

तर ठरलं असं. मुक्काम दोन्ही रात्री वाईत. शनिवारी पहाटे बापलेक पांडवगड, मी आणि साबा महागणपती आणि मागची भिंत. दुपारी झोप (आळीतला_एक यांच्या आदेशाने). संध्याकाळी उत्सव कुठल्या घाटावर आहे ते विचारून तिथे. रविवारी सकाळी आधी मेणवली, मग धोम. बगाड नाही, पाचगणी नाही. लिंबची विहीर वेळ उरला तर. साबांना पाचगणीची स्ट्रॉबेरी हवी आहे, पण ती खालीही मिळते म्हणून सांगितलंय.

रंगपंचमीच्या दिवशी गावातून गाडी काढायला त्रास होईल का, एवढं एकच विचारायचं राहिलं.

बैलगाडा_एक्सप्रेस

दुपारनंतर होईल. बावधनकडून परतणारी गर्दी आणि तुम्ही एकाच वेळी हायवेला लागाल. एकतर तीनच्या आत निघा, नाहीतर जेवून रात्री.

आळीतला_एक

रात्रीच निघा. संध्याकाळ कशाला वाया घालवता. आणि गंगापुरीच्या घाटावर या, गणपती आळीचं काय ऐकू नका.

परतीचा_पाऊस

एक दिवस. दीड म्हणा. दोन नाही.

नवा_पाहुणा_२२

नमस्कार, मी इथे नवीन आहे. पाचगणीत स्वस्त हॉटेल सुचवाल का? वाटेत वाई लागते तर तिथे अर्ध्या तासात काय होईल?